व्हिटनीच्या गाईडताईंना

ताई,

अमेरिकेत लुइझियानातल्या व्हिटनी प्लँटेशनवर, म्हणजे गुलामांच्या कष्टांवर चाललेल्या आणि आता संग्रहालय झालेल्या उसाच्या जुन्या मळ्यावर, आमच्या दोन्ही लहानग्यांना तुम्ही जसं सांभाळून घेतलंत, त्यासाठी हे पत्र. इंग्रजीत तुम्हाला कळवलं आहेच. मराठीत लिहिते आहे ते न्यू ऑर्लिन्सला मुलांना घेऊन येणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

मिसिसिपीकाठच्या अशा बऱ्याच वाड्यांत पाहुण्यांना आधी झुंबरं दाखवतात. तुम्ही मालकाचं घर शेवटाला ठेवलंत. आधी नेलंत जुन्या लाकडी चर्चमध्ये, वुड्रो नॅश यांनी घडवलेल्या गुलाम मुलांच्या पुतळ्यांपाशी. लेकीनं लगेच विचारलं, "ही शाळेत कधी जायची?" तुम्ही गुडघ्यांवर बसलात आणि म्हणालात, "यांना शिकू देत नसत. कामाला लावत." तेवढंच. खोटं नाही, आणि घाबरवणंही नाही.

पुढे साखरेच्या लोखंडी कढया दिसल्या. माझं माहेर कोल्हापूरकडचं, मुलांनी गुऱ्हाळातली काहील पाहिलेली. धाकटा "गूळ!" म्हणून ओरडला. मला अवघडल्यासारखं झालं, पण तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. उलट आमच्या गुऱ्हाळाची चौकशी केलीत. मग सांगितलंत, की उकळता रस मोठ्या पळ्यांनी एका कढईतून तिच्याहून लहान कढईत ओतत न्यायचे, गळिताच्या हंगामात रात्रंदिवस, आणि त्यात माणसं भाजायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या ओळखीच्या वस्तूवरून तुम्ही त्याला तिथवर नेलंत, ही मोठी गोष्ट आहे.

१८११ च्या गुलामांच्या उठावाच्या स्मारकाकडे वळण्याआधी तुम्ही आम्हा दोघांना बाजूला घेऊन विचारलंत, मुलांना दाखवायचं का? आम्ही नको म्हटलं. त्या वेळी तुम्ही मुलांना देवदूताच्या पुतळ्याभोवतीची नावं वाचायला दिलीत. त्या परिसरात दगावलेल्या २,२०० गुलाम बालकांचं ते स्मारक. लेकीनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं. तुम्ही तिला घाई केली नाहीत, मागे दुसरा गट थांबलेला असतानाही.

गाडीत तिनं विचारलं, "आपल्याकडे ऊस कोण तोडतं? त्यांची मुलं शाळेत जातात का?" ही गुलामगिरी नव्हे, हे आधी सांगितलं. मग बीडकडून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांबद्दल, पालांत राहणाऱ्या आणि हंगामात शाळा सुटणाऱ्या मुलांबद्दल सांगितलं. तुमच्यासारखंच, खरं आणि तिला पेलेल इतकं. हे बोलायचं बळ तुमच्यामुळे आलं, ताई. मनापासून आभार.

तुमची ऋणी,
दोन मुलांची आई