पायऱ्यांवरचा गॉलम

प्रिय बाळा,

परवा फोनवर लॉर्ड ऑफ द रिंग्जबद्दल बोलताना तू म्हणालीस, "बाबा, एवढं हजार पानं चालून फ्रोडोने शेवटी अंगठी टाकलीच नाही, मग उपयोग काय झाला सगळ्याचा?" मी काहीतरी सांगायला लागलो तेवढ्यात तुला कोणीतरी हाक मारली आणि ते राहूनच गेलं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं असंही वाटतंय, म्हणून लिहायलाच बसलो. लांबलचक होणार आहे, सावकाश वाच.

तुझा प्रश्न शेवटाबद्दलचा आहे, म्हणजे ती दुष्ट अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायला निघालेला फ्रोडो ऐनवेळी ती टाकत नाही त्याबद्दलचा, पण उत्तर शेवटच्या प्रकरणात नाहीये असं माझं मत आहे. ते खूप आधी आहे, किरिथ उंगोल या खिंडीच्या पायऱ्यांवर, दुसऱ्या खंडाच्या शेवटाकडे. तू सिनेमे आधी बघितलेस आणि मग लॉर्ड ऑफ द रिंग्ज वाचलंस, त्यामुळे ते पान तू भरभर उलटलं असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. सिनेमात त्या पायऱ्यांवर पावाच्या चुऱ्याचं भांडण आहे, अंगठीचा जुना मालक आणि आता वाटाड्या झालेला गॉलम सॅमवर, म्हणजे फ्रोडोच्या चाकर-सोबत्यावर, आळ घेतो आणि फ्रोडो सॅमला परत पाठवतो. पुस्तकात यातलं काहीही नाही. पुस्तकात जे आहे ते त्याहून कितीतरी शांत आहे आणि मला विचारशील तर जास्त भयंकर आहे.

काय होतं बघ. फ्रोडो आणि सॅम दमून खडकांच्या आडोशाला टेकलेत. सॅम म्हणतो की आपणही एखाद्या गोष्टीतच आहोत की काय, आणि गॉलमला स्वतःला काय वाटत असेल, तो हिरो की व्हिलन? म्हणजे हे विचारायचं सुचतं ते सॅमलाच, हे लक्षात ठेव. तो गॉलमला हाक मारतो, पण गॉलम तिथे नसतोच. मग दोघांना झोप लागते. फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर, सॅमचा एक हात त्याच्या कपाळावर आणि दुसरा छातीवर, दोघांचेही चेहरे शांत.

आणि गॉलम परत येतो. आपल्याला नंतर कळतं की वर खिंडीत जाऊन तो शिलॉबशी, त्या कोळ्यासारख्या राक्षसिणीशी, संधान बांधून आलाय. तो या झोपलेल्या दोघांकडे बघत उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांतली ती चमक विझते, डोळे करडे आणि म्हातारे दिसायला लागतात. तो मागे वळून खिंडीकडे बघतो, मान हलवतो, जणू आतल्या आत कोणाशी तरी वाद चाललाय. मग जवळ येतो, थरथरता हात पुढे करतो आणि फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हळूच लावतो. लेखक म्हणतो की तो स्पर्श जवळजवळ कुरवाळल्यासारखा होता, आणि झोपलेल्यांपैकी कोणी त्या क्षणी डोळे उघडले असते तर त्यांना एक थकलेला म्हातारा हॉबिट, म्हणजे त्यांच्यासारखाच बुटक्या जमातीतला कोणी, दिसला असता, ज्याचे जिवलग, नातेवाईक, लहानपणीची शेतं आणि ओढे सगळं कधीच मागे पडलंय आणि तो एकटाच उरलाय.

त्या स्पर्शाने फ्रोडो झोपेतच जरासा कण्हतो आणि सॅम खाडकन जागा होतो. त्याला काय दिसतं, तर गॉलम मालकाच्या अंगाला हात लावतोय. इथे एक छोटासा तुकडा आहे, "असं त्याला वाटलं" अशा अर्थाचा. मी पहिल्या दोन वाचनांत तो पाहिलाच नव्हता. अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा तोच आहे असं आता मला वाटतं.

सॅम खेकसतो, काय चाललंय रे तुझं. गॉलम मऊ आवाजात म्हणतो, काही नाही, काही नाही. मग सॅम म्हणतो की चोरासारखा जातोस आणि चोरासारखा येतोस, बदमाश कुठला. झालं. गॉलम मागे सरकतो, जड पापण्यांखाली हिरवी चमक परत येते आणि लेखक त्याच्यासाठी उपमा कोणती वापरतो, तर कोळ्याची. पुढच्याच प्रकरणात शिलॉब आहे! एका शब्दात तो माणूस, म्हणजे हॉबिट म्हण, तिच्या बाजूला गेला. यानंतर गॉलम काय करतो तेही बघ. सॅमने वापरलेला तोच शब्द तो उचलतो आणि स्वतःबद्दल पुन्हा पुन्हा वापरत राहतो. कुठे होतास म्हणून विचारलं की म्हणतो, चोरून फिरत होतो. जे नाव ठेवलं ते घे, तेच घालून फिरतो मी, असं.

सॅम माफी मागतो बरं का, लगेच मागतो. झोपेतून दचकून उठलो म्हणून जरा तोडून बोललो, म्हणतो. मनापासून म्हणतो पण विश्वास वाढलेला नसतो, आणि तोवर ती वेळ निघून गेलेली असते.

पुस्तकाचा लेखक टॉल्किन, त्याने 1963 मध्ये एका वाचकाला उत्तर लिहिताना म्हटलं होतं की त्याच्या दृष्टीने सगळ्या कथेतला बहुधा सगळ्यात शोकाचा क्षण हाच, सॅमला गॉलममधला तो बदल दिसला नाही तो क्षण. किती लढाया, किती मरणं लिहिली त्याने, आणि तरी तो बोट ठेवतो ते एका हातावर आणि एका तिखट बोलण्यावर. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो.

आता तू म्हणशील सॅमचं काय चुकलं, तो तर राखण करत होता. बरोबर आहे, सॅम वाईट नाहीच. त्याचं प्रेम इतकं घट्ट आहे की त्यात तिसऱ्याला जागाच नाही, आणि चूक होते ती त्याच प्रेमातून होते. शिवाय गॉलम आधीच दुखावलेला आहे. तलावाचं प्रकरण आठवतंय ना, जिथे तो मासे पकडत असतो आणि फॅरामिर या सरदाराचे धनुर्धारी नेम धरून असतात? त्याचा जीव वाचवायला फ्रोडो त्याला गोड बोलून जवळ बोलावतो आणि तो पकडला जातो. फ्रोडोला तेव्हाच कळतं की ह्याला हा दगाच वाटणार. त्यानंतरही, त्या पायऱ्यांवर, गॉलमचा हात पुढे आला. म्हणून मला तो हात फार मोठा वाटतो.

अजून एक बारीक गोष्ट, पुढच्या वेळी वाचताना पेन्सिल घेऊन बस. गॉलम स्वतःला बहुतेक वेळा "आम्ही" म्हणतो, तो आणि त्याची लाडकी अंगठी मिळून आम्ही. क्वचित कधीतरी "मी" म्हणतो. फ्रोडोच्या हे लक्षात आलेलं असतं, की "मी" आला म्हणजे आत थोडा जुना खरेपणा शिल्लक आहे आणि तो या क्षणी वर आलाय. जवळपास पाचशे वर्षं अंगठी जवळ बाळगूनसुद्धा एक "मी" उरला होता त्याच्यात! सॅमनेही त्याच्यातले दोघं ओळखले होते, दोघांना नावंही दिली होती, फक्त दोन्ही नावं शिव्याच होत्या.

हे सगळं तुला लिहिण्यामागे एक कारण आहे. तू आठवीत होतीस. एका रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिलीस, मी लॅपटॉपवर काहीतरी हिशोब करत होतो, दिवसभराचा वैतागलेला, आणि मान वर न करताच म्हणालो, "आता काय नवीन उद्योग करून ठेवलास?" तू म्हणालीस, काही नाही. आणि गेलीस. नंतर कितीतरी दिवस मी काही विचारलं, कुठे होतीस, काय करत होतीस, की तू एकच उत्तर द्यायचीस, "उद्योग." मी सॉरी म्हणालो होतो दुसऱ्या दिवशी, पण तुझं "हं, ठीक आहे" मला अजून ऐकू येतं. मी इथे गॉलमबद्दल नाही, सॅमबद्दल बोलतोय, म्हणजे माझ्याबद्दल. ते पान तिसऱ्यांदा वाचताना मला तू दारात उभी दिसलीस.

आता तुझ्या शेवटाकडे येतो. डोंगराच्या उतारावर सॅमच्या हातात तलवार आहे आणि गॉलम पायाशी पडलाय. मारायला कारणं हवी तेवढी आहेत, आणि मारणं न्यायाचंच होईल असं त्याला वाटतंही. पण मधल्या काळात त्यानेही ती अंगठी थोडा वेळ वागवलीये, त्यामुळे गॉलमच्या आत काय चालत असेल हे त्याला अंधुक का होईना कळतं. त्याला ते शब्दांत सांगता येत नाही, तोंडातून शिव्याच येतात, चालता हो म्हणतो, पण हात चालत नाही. पायऱ्यांवर जे दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. फ्रोडोच्या आधी ज्याला ती अंगठी सापडली त्या बिल्बोचा हात असाच अडला होता, कितीतरी वर्षांपूर्वी. ही गोष्ट सुरुवातीला ऐकल्यावर फ्रोडो म्हणाला होता की तेव्हाच मारायला हवं होतं त्याला, आणि मग प्रत्यक्ष गॉलम समोर आल्यावर त्याचाही हात अडला.

(जाता जाता, बिल्बोची ती गोष्ट असलेल्या 'द हॉबिट' या आधीच्या पुस्तकाच्या 1937 च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी असतो. हे मोठं पुस्तक लिहिताना ते जमेना, म्हणून टॉल्किनने ते प्रकरण बदललं आणि 1951 च्या आवृत्तीत नवं छापलं. जुनी हकीकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप, असं त्याने कथेतच बसवून टाकलं. मला हे फार आवडतं.)

तर फ्रोडो ज्वालामुखीच्या आत जाऊन काय म्हणतो, की जे करायला आलो ते आता मी करायचं ठरवत नाही. "जमत नाही" असं म्हणत नाही, हे बघ. तिथे उभं राहून कोणीच ती टाकू शकलं नसतं. त्याने अंगठी तिथपर्यंत आणली आणि गॉलमला जिवंत ठेवलं, त्याच्या हातात होतं तेवढं सगळं केलं. पुढचं गॉलमकडून झालं, त्याने फ्रोडोचं बोटच अंगठीसकट चावून तोडलं आणि अंगठीसकट आगीत पडला, तेही सिनेमातल्यासारखी झटापट होऊन नाही, आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन. आणि नंतर फ्रोडो सॅमला सांगतो की गॉलम नसता तर मला हे जमलंच नसतं, आपण त्याला माफ करूया. एक बोट तुटलेला माणूस, बोट तोडणाऱ्याबद्दल हे म्हणतो. याला तू फेल म्हणतेस, मला म्हणवत नाही.

पायऱ्यांवर सॅमने त्याला हाकललं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी खूप केलाय. शिलॉब टळली असती कदाचित, आणि अंगठीचं काय झालं असतं कोणास ठाऊक. तुला काय वाटतं ते कळव, फोनवर नको, लिहूनच कळव.

आणि त्या रात्री तू मला काय सांगायला आली होतीस, ते अजून आठवत असेल तर तेही लिही.

तुझा,
बाबा