घाटातल्या अनोळखी मिस्त्रींना

खंबाटकीत, कसाऱ्यात इंजिन तापून बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीपाशी न बोलावता येणाऱ्या मिस्त्रींचे, टपरीवाल्यांचे, ट्रकचालकांचे मनापासून आभार.

पहिले आभार रेडिएटरच्या झाकणावर गेलेला हात वेळीच धरल्याबद्दल. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास थांबायचं, वरचा पाइप दाबून बघायचा, गार आणि मऊ लागला तरच जाड फडकं घेऊन उघडायचं. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू दिलं नाहीत, त्याबद्दलही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तडकतं.

मग निदान. ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि हायवेवर उतरतो? पंख्याचा फ्यूज, नाहीतर रिले (पंखा चालू करणारा स्विच) बघायचा. वरचा पाइप भाजतो, खालचा गार? थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडत नाही, नाहीतर रेडिएटर चोंदलाय. (थर्मोस्टॅट काढूनच टाका, हा तुमच्यातल्या काहींचा सल्ला मात्र पटत नाही, इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं.) कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) घटतंय आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस? बहुधा हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय, गाडी टो करूनच न्यायची.

तुमच्या कळशीतल्या पाण्यावर गाड्या गावापर्यंत पोचतात. आतून धुऊन काढून (फ्लश करून) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरणं, ते नंतरचं.