बाबा, तो माठ काढून ठेवा

छत्रपती संभाजीनगर
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका. मी बरी आहे. आज सकाळी उपाशीपोटी साखर ११८ होती. पत्र लिहितेय ते एवढ्यासाठी की फोनवर हे बोलणं होत नाही. मी ‘इंजेक्शन’ म्हटलं की आई लगेच म्हणते, “हळू बोल, स्पीकर चालू हाय, काकू बसल्यात हितं.” मग बाबा फोन घेऊन अंगणात जातात आणि अंगणात रेंज नसते. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. मी आल्यावर विचारणार आहे.

आधी कामाचं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या जेवणाला, मी येतेय, आणि एकटी येत नाही. आम्ही सहा जण आहोत. त्यातल्या मला धरून पाच जणांना माझाच आजार, टाइप वन मधुमेह, आहे. सहावी चार वर्षांची आहे, तिला कसलाच आजार नाही, तिला फक्त गव्हाची खीर पाहिजे.

हे लोक कोण, तेही सांगते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी करून मी एसटीनं परत येत होते. बीडच्या स्टँडवर गाडी थांबली. शेजारच्या सीटवरचा पोरगा बिस्किटाचा पुडा फोडायला बघत होता आणि त्याला तो फुटत नव्हता. कपाळावर घाम, हात थरथरत होते. मागच्या बाई म्हणाल्या, पिऊन आलाय. मला ते हात ओळखीचे होते. शाळेत प्रार्थनेला उभी असताना माझे तसेच व्हायचे. मी पर्समधली ग्लुकोजची पूड त्याच्या तळहातावर ओतली, म्हटलं आधी हे खा. गाडी गेवराईपर्यंत येईस्तोवर तो माणसात आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, “तुमची इन्सुलिनची किती युनिट?”

आई, मला तेरा वर्षं झाली होती तेव्हा हा आजार घेऊन, आणि तोवर हा प्रश्न मला डॉक्टर सोडून कुणी विचारला नव्हता.

तो बीडचा. त्याच्या ओळखीतून परभणीची भेटली. ती माझ्यापेक्षा लहान आहे, बँकेत आहे आणि दंडावर साखर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावून हिंडते. बाह्या मुद्दाम आखूड शिवते, कुणी विचारलं तर सांगते, “चार्जिंगचं बटण हाय.” मग जालन्याच्या ताई आणि शेवटी गुरुजी. रविवारी आम्ही त्या परभणीवालीच्या इथल्या खोलीवर जमतो, टीव्ही सेंटरजवळ. तिथं आल्या आल्या कुणी ‘कसा आहेस’ विचारत नाही. ‘कितीये’ विचारतात. जेवायच्या आधी सगळे आपापलं इन्सुलिनचं पेन काढतात, सुई बसवतात, दोन युनिट हवेत उडवून बघतात, पोटाला टोचतात आणि बोलणं तसंच पुढं चालू राहतं. माझं पहिल्यांदा असं सगळ्यांत बसून टोचणं झालं, त्या दिवशी मी उगीचच दोन घास जास्त जेवले आणि संध्याकाळी २६० वर गेले.

तुझ्या भाकरीचीही एक गंमत सांगायची आहे. घरी आले की माझी साखर का उडते, हे मला कधी कळायचं नाही. तू म्हणायचीस प्रवासानं, बाबा म्हणायचे पाण्यानं. परभणीकडं स्वयंपाकाचा काटा आहे. तिच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे साधारण ४० ग्रॅम कार्ब्स, पोटात ज्यांची साखर होते ते, आणि त्या हिशोबानं मी इंजेक्शन घेते. मागच्या वेळी तू डब्यात दिलेली भाकरी आम्ही काट्यावर ठेवली. पाण्याचं वजन सोडलं तरी शंभर ग्रॅमच्या पुढं पीठ! मी तुझ्याकडं दोन खाते म्हणजे शहरातल्या साडेतीन खाते. बीडचा म्हणाला, ही भाकरी नाही, ही जमिनीची मोजणी आहे. तू भाकरी लहान करू नकोस. मी युनिट वाढवीन.

सगळं गोडच आहे असंही नाही. परभणीचं आणि माझं दोन महिने बोलणं बंद होतं. तिची तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी म्हणतात ती, ६.८ आली आणि माझी ९.१. ती सहज म्हणाली, “तू लक्षच देत नाहीस.” शाळेच्या निकालासारखं लागलं मला ते. तिला सेन्सरवर पाच मिनिटाला आकडा दिसतो, मी बोट टोचून बघायच्या स्ट्रिप वाचवून दिवसातून तीनदा बघते. शेवटी गुरुजींनी नियम केला की सरासरी कुणी कुणाला विचारायची नाही, ज्याला सांगायची तो सांगेल. तिनं मग जिरं घालून ताक पाठवलं. म्हटलं, पिते.

मागच्या वैशाखातली एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. माझं पेन बिघडलं. रात्री औषधाच्या दुकानातून बाटली आणि सिरिंज घेतली. बाटली १०० ची होती, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. दुकानदारानं सिरिंज दिली लाल टोपणाची. ती ४० च्या बाटलीची, आपण लहानपणी वापरायचो तीच. १०० ला केशरी टोपण लागतं. मी लाल टोपण बघूनही सवयीनं आठच्या रेघेपर्यंत भरली आणि टोचली. टोपण परत लावताना डोक्यात लख्ख झालं. अडीचपट. आठाच्या जागी वीस युनिट पोटात गेली होती.

मी परभणीला फोन केला. ती दहा मिनिटांत आली, केसांना तेल लावलेलं तसंच. बीडचा वाळूजहून मोटरसायकलवर केळी आणि पार्ले-जी घेऊन आला. जालन्याच्या ताईंनी डॉक्टरांना उठवलं. ते म्हणाले, दर वीस मिनिटांनी तपासा, खायला देत राहा, उलटी झाली किंवा गुंगी वाटली तर तडक घेऊन या. ७० च्या खाली गेलं की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, पण स्वतःवर वेळ आली की पाठ केलेलं आठवत नाही. मला झोप लागू नये म्हणून त्यांनी भेंड्या लावल्या. बीडच्याला ‘ळ’ आला की तो रडायचा. सगळ्यांत खाली ६१ पर्यंत गेले. अडीच वाजता १४० झाले, तेव्हा परभणीनं ती लाल टोपणाची सिरिंज मोडून वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली आणि मला अशी झापली की आई, तू काय झापशील. एकोणीस स्ट्रिप गेल्या त्या रात्री, चौघांच्या मिळून. सकाळी तुझा फोन आला तर मी म्हटलं झोप नाही झाली, डास होते.

आता गुरुजी. ते अंबाजोगाईचे, नुकतेच रिटायर झालेत. दर दोन महिन्यांनी डॉक्टरांकडं येतात तेव्हा आमच्यात बसतात. त्यांना हा आजार १९७८ साली झाला, बाराव्या वर्षी. तेव्हा काचेची सिरिंज असायची, त्यांची आई रोज ती पातेल्यात उकळायची. घरी रक्त तपासायचं यंत्र नव्हतं. परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर आहे, विटकरी झालं तर घरात सगळे गप्प. गुरुजी म्हणतात, मी रंगपंचमी रोज खेळायचो. बाबा, गेल्या ४७-४८ वर्षांत त्यांनी दोन पोरांची लग्नं केली, शाळा चालवली, अजून चष्म्यानं पेपर वाचतात. तुम्ही लातूरला डॉक्टरांना विचारलं होतं ना, “किती दिवस जगंल?” त्याचं उत्तर मी गाडीत बसवून आणतेय.

टोरांटोमधल्या त्या पोराची गोष्ट त्यांनीच सांगितली. जानेवारी १९२२ मध्ये पहिल्यांदा ज्याला इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता. त्याच्या आधी आमच्यासारख्या पोरांना उपाशी ठेवायचे, तेवढेच काही महिने जास्त मिळायचे. बँटिंग आणि त्याच्या सोबत्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं. बीडचा ऐकून म्हणाला, तो डॉलर माझ्या मेडिकलवाल्याला दाखवा.

त्याचं बरोबर आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की कोयता घेऊन सहा महिने बाहेर. लहानपणी तो त्यांच्याबरोबर फडावर असायचा, उसाच्या पाचटाच्या कोपीत. तिथं फ्रीज कुठला. त्याची आई बाटली पाण्याच्या घागरीत सोडायची, तर लेबल सुटून जायचं. मी त्याला तुमच्या माठाचं सांगितलं. बाबा, आठवतं? २००९-१० ला लोडशेडिंग असायचं, बारा-बारा तास लाइट नाही. तुम्ही कुंभाराकडून दोन माठ आणले, मोठ्यात मांजरा नदीची वाळू भरली, तिच्यात लहान माठ बसवला, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. आत स्टीलचा डबा, डब्यात माझी बाटली. एप्रिलमध्ये बाहेर पत्रा तापायचा आणि डबा गार लागायचा. आता डॉक्टर लोकही सांगतात, फ्रीज नसेल तर मडक्यात ठेवा. बीडचा ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुझ्या बापाला भेटायचंय.”

आई, तू अजून मनात धरून आहेस ते मला माहीत आहे. काकू म्हणाली होती, पोरीला गूळ-शेंगदाणे खाऊ घालून घालून साखर लावली. तसं नसतं गं. आपल्याच शरीरानं चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकल्या. तू गूळ दिला नसतास तरी झालंच असतं. मी तांब्या-तांब्या पाणी पीत होते, रात्री पाचदा उठत होते, फ्रॉक ढिला झाला होता. तुला वाटलं नजर लागली. पण तालुक्याच्या एका दवाखान्यानंही कावीळ म्हणून ग्लुकोजचंच सलाईन लावलं होतं. शिकलेल्यांना कळलं नाही ते तुला कसं कळणार? माझ्या तोंडाला सडक्या फळाचा वास येतोय हे पहिल्यांदा तूच म्हणालीस, आणि बाबांनी पेरणीचे पैसे खिशात घालून मला जीपमध्ये टाकलं.

जालन्याच्या ताईंचं शेवटी ठेवलं, कारण त्यावरून पुढचं सांगायचं आहे. त्यांना नवव्या वर्षापासून आहे. लग्नाआधी सगळं सांगून लग्न झालं. दिवस राहण्याच्या सहा महिने आधीपासून त्यांनी साखर आटोक्यात आणली. नऊ महिने दिवसाला सात-आठ वेळा बोट टोचलं. ती खीर मागणारी पोरगी त्यांचीच. आई झोपेत बडबडली तर साखरेचा डबा कुठं आहे, हे तिला माहीत आहे.

उदगीरच्या लोकांनी पत्रिका जुळत नाही म्हणून नकार दिला नाही. मी त्या मुलाला फोन करून सांगितलं होतं. बघायला आले त्या दिवशी तू म्हणालीस, “आज पेन बाहेर काढू नको.” मी मामाच्या न्हाणीघरात टोचायला गेले, बाहेर कुणीतरी कडी वाजवली, मी न टोचताच बाहेर आले आणि पोहे, लाडू, चहा सगळं हसत खाल्लं. रात्री ३८४. उलट्या झाल्या, तुला म्हटलं पित्त. दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. तो भला होता, नीट ऐकून घेतलं, म्हणाला घरी विचारतो. मग निरोप आला तो पत्रिकेचा. मला राग नाही त्याचा. थोडं रडले, परभणीच्या खोलीवर. तिनं डाळ-भात लावला आणि विचारलं, “रडून साखर वाढती का कमी होती, बघायचं का?” वाढली होती.

यापुढं कुणी बघायला आलं तर मी आधीच सांगणार. तुम्हाला विचारून नाही, कळवून सांगतेय.

आता येळवस. आई, भज्जी नेहमीसारखी कर, उंडे जास्त कर, आंबिलीत लसूण सोडताना हात आखडू नकोस. खिरीतला गूळ कमी करू नकोस, आम्ही वाटीनं मोजून घेऊ. गुरुजींना कडबा घातलेल्या कोपीजवळ सावलीला बसवा, त्यांचे पाय अनवाणी ढेकळांत नकोत, चप्पल काढायचा आग्रह कुणी करू नका. जेवायच्या आधी आम्ही सगळ्यांसमोर तिथंच टोचणार. “जरा कोपीच्या मागं जा” म्हणू नकोस. काकूला बघायचं असेल तर बघू दे. तिच्या नातवालाही अलीकडं लई तहान लागायलीय असं तूच म्हणालीस. गुरुजींकडं मशीन आहे. त्यांच्या नजरेसमोर त्याचं बोट टोचून बघू, पण येळवशीपर्यंत थांबू नका. उद्याच लातूरला न्या म्हणावं, दोन मिनिटांची तपासणी आहे. हे मी काकूला आजच फोन करून सांगणार आहे, स्पीकरवर.

आणि फ्रीजमध्ये पाच जणांच्या डब्याला जागा कर. खालच्या बाजूला, बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

बाबा, तो माठ माळवदावर असेल, नाहीतर गोठ्यात. काढून धुऊन ठेवा, वाळू मी आल्यावर भरू. थंडीचे दिवस आहेत, शेतात दुपारपुरती त्याची गरज नाही, ते मला कळतं. बीडच्याला बघायचाय.

तुमची,
लेक