विळी म्हणजे हत्यार?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची निवृत्त चित्रकला शिक्षिका. ८ मार्चला आमच्या बंदरावरच्या मासे विकणाऱ्या बायकांनी मोर्चा काढला. मागण्या दोनच: लिलावाच्या जागी शेड आणि पाणी असलेलं शौचालय. फलक मी रंगवले होते. त्यांतले सात ‘आक्षेपार्ह’ म्हणून काढून घेतले. सातांवरही विळी होती. बंदोबस्तावरचे साहेब म्हणाले, “बाई, हे हत्यार आहे.”

साहेबांच्या घरी सुरमई कोण नि कशाने कापतं, हे मी विचारलं नाही.

विळीच का, ते सांगते. कॉलेजातल्या एका मुलीने आधी वेगळंच चिन्ह काढून आणलं होतं: वर्तुळ, खाली क्रॉस, वर्तुळात आवळलेली मूठ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतून ते जगभर गेलं. एका मावशीने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. “ह्यो आरसो कसलो गो? नि त्यात मूठ कित्याक?” पोरगी हिरमुसली. पण मावशी चुकली नव्हती; मुठीविना त्या खुणेला व्हीनसचा आरसाच म्हणतात. मग मावशीच म्हणाली, आमची विळी काढ. मी काढली. पाटावर पाय दाबून बसलेली बाई, लुगड्याचा काष्टा, पात्याला नि मनगटाला चिकटलेले खवले. खवल्यांना चंदेरी रंग दिला, तो उन्हात असा चमकला की लांबून खरेच वाटावेत. चेहरा रिकामा ठेवला. मोर्चात तिघीजणी “ही मीच” म्हणून भांडल्या.

यात नवीन काही नाही. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर आल्याच होत्या. चुलीपाशी राबणारीलाही राज्यकारभाराबद्दल बोलायचं असतं, हे त्या लाटण्याने भाषणाशिवाय सांगितलं. आणि २०२३च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीला विरोध करताना बायका तापल्या कातळावर आडव्या झाल्या, ते दृश्य तर कुणाला रंगवावंही लागलं नाही.

आता सरकारी होर्डिंगवरची बाई बघा. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये आमच्याकडेही येतात, उपयोगी पडतात, नाही म्हणत नाही. पण आमच्या नाक्यावरच्या होर्डिंगवर ती हसते आणि हात जोडते, एवढंच. माझ्या फलकावरच्या बाईचे दोन्ही हात कामात आहेत, आणि ती कुणाकडे बघून हसत नाही. साहेबांना पातं खुपलं की ते हात, मला अजून उलगडलेलं नाही.

शेड आणि शौचालयाचं निवेदन वेगळं दिलंय. या पत्रात मागणी एकच: आमचे सात फलक परत द्यायला सांगा. पुठ्ठ्याचे आहेत, रंग साधा पोस्टर कलर आहे. ठेवलेत ती खोली गळते, असं ऐकते. मृगाच्या आधी मिळाले तर बरे.

आपली,
बंदरावरची एक चित्रकला शिक्षिका