आसल उत्तरचे रणगाडे: रविवारच्या बैठकीची आठवण

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींची जोडणी आणि रंगकाम. सप्टेंबर १९६५च्या भारत-पाक युद्धातली, पंजाबातल्या आसल उत्तरची लढाई दसऱ्याला टेबलावर मांडायची आहे. भारताच्या बाजूचे सेंच्युरियन रणगाडे झाले, पण शर्मन आणि एएमएक्स-१३ अजून खोक्यातच आहेत. पाकिस्तानचे पॅटन रंगवायला कुणीच पुढे येत नाही. मग लढायचं कुणाशी?

प्रमाण १:७२च, म्हणजे खऱ्याच्या बहात्तरावा भाग. गेल्या वेळी कुणीतरी १:५६चा शर्मन आणला, तो सेंच्युरियनच्या बरोबरीने दिसायला लागला!

सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवूनच आणा. साच्याचं तेल राहिलं की रंग पापुद्र्यासारखा निघतो. प्रायमरचा (रंगाआधीच्या थराचा) स्प्रे पावसाळी हवेत मारू नका, दमटपणामुळे पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. ऊन असेल तेव्हाच मारा, नाहीतर ब्रशने लावा. चाकांभोवतीचे पट्टे चिकटवण्याआधी चाकं रंगवा, आतल्या चाकांपर्यंत नंतर ब्रश पोचत नाही. रेझिनचे (ओतीव प्लास्टिकचे) भाग घासणार असाल तर ओलं करून घासा आणि मास्क लावा. यात हयगय नको.

चिखल सढळ हाताने लावा. पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रुतले होते, तेव्हा चकचकीत पॅटन इथे शोभणार नाहीत. उसाच्या शेतासाठी जुना खराटा चालेल, काड्या कापून आणा. याच लढाईत पॅटन उडवणाऱ्या अब्दुल हमीद यांची जीप, १०६ मिमीच्या तोफेसह, मी करतो आहे. ती कुणी घेऊ नये.

पॅटनसाठी दोन नावं शुक्रवारपर्यंत कळवा.