ऑइल बदलू दिलं नाही, आता म्हणता गिअरबॉक्स बदला

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील बिघाड आणि त्याची जबाबदारी नाकारल्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीची सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी मी नवीकोरी घेतली. पहिल्यापासून सगळं सर्व्हिसिंग तुमच्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये केलं, एकही सर्व्हिस चुकवली नाही. आता मीटर ९० हजारांच्या पुढे गेलं आहे आणि गिअरबॉक्स धक्के मारतोय. वर्कशॉपचं म्हणणं: पूर्ण असेंब्ली, म्हणजे अख्खा गिअरबॉक्सच बदला, वॉरंटी संपली आहे, खर्च तुमचा. हे मला मान्य नाही.

जॉब कार्डवर दर वेळी ‘जर्किंग’ एवढंच लिहितात, म्हणून नेमकं काय होतं ते इथे सविस्तर लिहितो. सकाळी थंड गाडी ठीक चालते. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढून गिअरबॉक्स तापला की सेकंडमधून थर्ड पडताना असा हिसका बसतो की आत बसलेल्या सगळ्यांच्या माना हलतात. रिव्हर्स टाकला की आधी काहीच होत नाही, मग दणका देऊन गाडी एकदम मागे निघते. मागे भिंत असेल तेव्हा हे फार महागात पडू शकतं. आणि ५०च्या आसपास हलक्या पायाने चालवताना अख्खी गाडी थरथरते. ॲक्सिलरेटर जरा दाबला की थरथर गायब. तुमचा टेक्निशियन माझ्यासोबत चक्कर मारून आला, त्यालाही हे जाणवलं. खाली उतरल्यावर म्हणाला, “या मॉडेलला एवढं असतंच.” मग सॉफ्टवेअर अपडेट झालं. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं.

गाडी ६० हजारांवर असताना, म्हणजे हा त्रास सुरू व्हायच्या बराच आधी, मी सर्व्हिस ॲडव्हायझरला गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला सांगितलं होतं. तो म्हणाला, शेड्यूलमध्येच नाही, त्यामुळे सिस्टीममध्ये ते काम टाकताच येत नाही. या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायची गरज नसते, ही नवीन टेक्नॉलॉजी आहे. मी पुन्हा आग्रह धरला, तेव्हा त्याने जॉब कार्डवर लिहून दिलं, “ग्राहकाची मागणी, कंपनी शेड्यूलमध्ये नाही, काम केले नाही.” त्या जॉब कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. कृपया ती वाचूनच उत्तर द्यावं.

नवीन टेक्नॉलॉजीचं म्हणाल तर, ऑइलच्या दाबावर गिअर बदलणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्या लोक १९३९ पासून विकत घेताहेत. जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक तेव्हाच आली. गिअर वाढले, कॉम्प्युटर आला, पण आतलं ऑइल अजून तेच काम करतं. दाब तयार करायचा, क्लच प्लेटा दाबायच्या, त्या किती घसराव्यात आणि कधी पकडाव्यात हे सांभाळायचं, शिवाय सगळ्याला वंगण द्यायचं आणि उष्णता बाहेर न्यायची. तापून तापून त्याचे गुण कमी होतात, प्लेटांची झीज त्यात मिसळते. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवण्यात हयात घालवलेली कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान, नाहीतर ८ वर्षांनी, बदलायला सांगते. तुमच्या गिअरबॉक्समध्ये असं कुठलं ऑइल आहे ज्याला हा नियम लागू नाही?

आणखी गंमत म्हणजे तुमच्याच मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ असं एक पान आहे. थांबत-थांबत चालणारं ट्रॅफिक, जवळचे फेरे, धूळ, उष्ण हवा. अशा वापरात इंजिन ऑइल निम्म्या अंतरावर बदला, असं त्यात ठळक छापलंय. गिअरबॉक्सबद्दल त्या पानावर एक ओळही नाही. त्याच ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं आणि त्याला चिकटून बसलेला गिअरबॉक्स थंड राहतो, असा याचा अर्थ घ्यायचा का?

माझ्याकडे याआधी तीन गाड्या होत्या, त्यामुळे तुलना होणारच. पहिली मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसायचं, आणि थंडीत चोक किती ओढायचा यावर घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं. नंतर एक जुनी डिझेल (कंपनीचं नाव नको) घेतली. क्लच इतका जड की गुडघा दुखायचा, पण मागची सीट अशी की आमची आई आजही त्या गाडीची आठवण काढते. तिसरी टोयोटा कोरोला, चार गिअरची ऑटोमॅटिक. त्या गाडीत बसल्यावर काही विशेष वाटायचं नाही, आणि रोजच्या गाडीला याहून मोठं कौतुक मला सुचत नाही. त्या कोरोलाच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक होती. तिच्यावर थंड आणि गरम अशा दोन खुणा. काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. ऑइल लाल आहे की काळवंडलंय, वास कसा येतोय, हे मालकाला स्वतःला कळायचं. तुमच्या गाडीला ही डिपस्टिकच नाही. लेव्हल बघायची तर गाडी रॅम्पवर घ्या, ऑइल ठरावीक तापमानाला आणा, इंजिन चालू ठेवून खालचा बोल्ट उघडा. म्हणजे मला दिसणार नाही, आणि ज्याला दिसू शकतं तो बघणार नाही.

शेवटी, तुमच्या वर्कशॉपने असेंब्ली बदलण्याचं एस्टिमेट हातात दिल्यावर मी गाडी बाहेरच्या एका जाणकार गिअरबॉक्स मेकॅनिककडे नेली. त्याने माझ्यासमोर चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, खोललं. ऑइल काळं, जळका वास. चेंबरच्या तळाला लोखंडाचा चुरा धरायला चुंबकं बसवलेली असतात. त्यांच्यावर राखाडी लगदा इतका साचला होता की बोटाने निपटल्याशिवाय चुंबक दिसेना. (ही चुंबकं तुम्हीच बसवलीत. चुरा साचणार, हे तुम्हालाही माहीत आहे.) चेंबर साफ करून, फिल्टर बदलून, तुमच्याच स्पेसिफिकेशनचं ऑइल भरलं. थर्डचा हिसका बराच कमी झाला. रिव्हर्सचा दणका आणि ५०ची थरथर मात्र आहे तशीच आहे. मेकॅनिकच्या मते टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप क्लच आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) आता तपासावी लागेल. चेंबर उघडल्यापासूनचे फोटो सोबत आहेत.

हे फोटो घेऊन मी तुमच्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर मॅनेजर म्हणाले, “तुम्ही गिअरबॉक्स बाहेर उघडलात, आता आम्ही काही करू शकत नाही.” उघडण्याआधीही तुम्ही काही करत नव्हतात, साहेब. तुमच्या हेल्पलाइनवरही हीच गत. एका ताईंनी सांगितलं ऑइल कधीच बदलायचं नाही, दुसऱ्यांनी सांगितलं वर्कशॉपच्या सल्ल्याने बदलायचं, आणि दोघींनी तक्रार ‘क्लोज’ करून मला समाधान झाल्याचा मेसेज पाठवला.

गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ब्रेक उत्तम, हेडलाइट उत्तम, लांबच्या प्रवासात कंबर धरत नाही. सौभाग्यवतींना तर आतापर्यंतच्या सगळ्या गाड्यांत हीच आवडते. म्हणूनच ती विकून मोकळं होण्याऐवजी हे पत्र लिहितोय.

माझी मागणी अशी. गिअरबॉक्सची तपासणी तुमच्या कंपनीच्या इंजिनिअरने माझ्यासमोर करावी, आणि टॉर्क कन्व्हर्टर व व्हॉल्व्ह बॉडीचं जे काम निघेल त्याचा खर्च कंपनीने उचलावा, कारण वेळेत मागितलेली देखभाल तुम्ही लेखी नाकारली आहे. फक्त बिघडलेला भाग बदलता येत असेल तर पूर्ण असेंब्ली माझ्या गळ्यात मारू नये. शिवाय ऑइल न बदलता हा गिअरबॉक्स किती किलोमीटर चालेल असं धरून तुम्ही शेड्यूल बनवलंत, तो आकडा लेखी कळवावा. माझ्यासाठी आता उशीर झालाय, पण हेच मॉडेल घेतलेल्या ज्यांचं मीटर अजून ४०-५० हजारांवर आहे, त्यांना तो आकडा उपयोगी पडेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. उत्तर हेल्पलाइनवरून नको, सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावानिशी हवं. ते न मिळाल्यास हीच कागदपत्रं घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन.

कळावे,
आपला एक ग्राहक

सोबत: जॉब कार्डांच्या प्रती, असेंब्लीचं एस्टिमेट, मेकॅनिकचं बिल, चेंबर व चुंबकांचे फोटो, मॅन्युअलमधील ‘कठीण वापर’ या पानाची प्रत.