वनमंत्र्यांना खुले पत्र : माळ पेटतो तेव्हा काय जळते?

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहतो. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात कमी पाण्यावर जगणाऱ्या वनस्पती आणि वणव्यानंतर माळावर काय उगवते, हा माझ्या अभ्यासाचा विषय. गवत वाळले की आमचे डोंगर पेटायला लागतात, ते थेट वळवाच्या पावसापर्यंत. सरकारी कागदावर त्याचे होते काय, तर 'इतके हेक्टर गवत जळाले.' माझी विनंती या कागदाबद्दलच आहे. कधी जळाले आणि नेमके काय जळाले, हेही त्यावर यावे.

कारण एकच वणवा एकाला मारतो आणि दुसऱ्याला पोसतो. कुसळी या गवताचे बी हातात घेऊन पाहा. पुढे सुईसारखे टोक, मागे लांब पिळाची शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असे करत करत ते बी गिरमिटासारखे मातीत शिरते. वरून आग गेली तरी बोटभर खोलीवर फारशी धग पोचत नाही, म्हणून ते वाचते. कंदीलपुष्पाचे कंदही त्या दिवसांत जमिनीखालीच असतात.

शिंदळ माकुडीला ही सोय नाही. साऱ्या जगात ही वनस्पती फक्त महाराष्ट्रात आणि तीही मोजक्या डोंगरकड्यांवर आढळते. सज्जनगड हे त्यांतले एक ठिकाण. ती मांसल खोडात पाणी साठवते, उन्हाळ्यात पाने गाळते आणि हिरव्या खोडावर निभावून नेते. तिचा सगळा जीव जमिनीच्या वर असतो. कपारीतले वाळके गवत पेटले की ते खोड उकडून निघते. अशा दोन-चार कपारी म्हणजे हेक्टरच्या हिशेबात शून्य. ते शून्य पाहून मला फार वाईट वाटते.

'जुने जाळले की नवे गवत जोमाने येते' असे गावोगावी म्हणतात. त्यात तथ्य आहे. पहिले कोंब कोवळे आणि गोड येतात. पण दरसाल तोच उतार जाळत राहिले की पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळी बियांवर आली की तिचे टोक मेंढरांच्या लोकरीत अडकते, कातडीत घुसते. म्हणजे माडग्याळ मेंढीवर आणि खिलार जनावरांवर ज्यांचे घर चालते, त्यांचाच चारा बिघडतो. हे गावात बसून सांगितले तर लोकांना पटते, असा माझा अनुभव आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हाच आहे. पण गायरानातून किंवा मालकीच्या रानातून चढलेल्या वणव्यापुढे नुसत्या कलमाचा काय उपयोग?

वणव्याची तारीखही महत्त्वाची आहे. जानेवारीतली आग आणि एप्रिलमधली आग सारखी नसते. एप्रिलपर्यंत गवत कडक वाळलेले असते, वारा असतो, झाडांची नवी पालवी नुकतीच फुटलेली असते. उपग्रहावरून येणाऱ्या इशाऱ्यांचा उपयोग आहेच. पण त्यातला एक ठिपका साधारण 375 मीटरचा असतो आणि उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. तासाभरात संपलेला गवताचा वणवा त्यात निसटू शकतो. वनरक्षकाच्या वहीतली ओळ निसटत नाही.

आणखी एक. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. अशा मोहिमांत माळ 'पडीक' ठरतो आणि त्यावर चर खणून गिरिपुष्प लावले जाते. जिथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथले गवत हीच तिथली वनसंपदा आहे. मुळांसकट ते उपटल्यावर मोकळ्या मातीत विलायती बाभूळ शिरायला वेळ लागत नाही. कृपा करून अशा माळांवर खड्डे मारू नका.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, गवत पूर्ण वाळायच्या आत, डिसेंबर संपेपर्यंत काढून व्हाव्यात. बरेचदा निधी येतो तेव्हा डोंगर काळा झालेला असतो. हंगामी मजुरांना मजुरी वेळेवर मिळावी. भर उन्हात हिरव्या डहाळ्या घेऊन आगीला सामोरी जातात ती हीच माणसे. आणि प्रत्येक वणव्याची तारीख, वेळ, उताराची दिशा आणि जळालेल्या मुख्य वनस्पती बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीच्या) वहीत लिहिण्याचे आदेश निघावेत. गवते आणि कंद ओळखायला शिकवण्याचे काम मी विनामोबदला करीन. सातारा आणि सांगलीतला कोणताही बीट सांगा. सुरुवात सज्जनगडाच्या उतारापासून झाली तर उत्तम.

आपला,
एक वनस्पती अभ्यासक, सातारा